धुळ्याचं लग्न मोडा

चहा आधी हातात घ्या. आणि बिस्किट कपात बुडवून माझ्या तोंडाकडे बघत बसू नका, कारण हे ऐकताना ते तुटून आत पडणार, मग मला बोल लावाल. जळगावात उद्या कुणी गाढवपणाबद्दल सत्कार करायचा ठरवला ना, तर पहिली शाल माझ्या खांद्यावर पडेल. नारळासकट!

तुम्ही म्हणाल, नाना, तुम्ही एवढे मुरलेले, एमआयडीसीत वर्कशॉप चालवता, डाळमिलची मशिनं बनवता, तुमच्या हातून कसली चूक होणार? अहो, चूक म्हणजे बोल्ट उलटा लागतो, वेल्डिंग फुटतं, ती. मी माझ्या एकुलत्या एका मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. कुणाशी भांडून नाही, हुंड्याबिंड्यावरून नाही. केबिनमध्ये पंख्याखाली बसून, मोबाइलशी गोड आवाजात बोलून मोडलं. आणि मोडून झाल्यावर चहा मागवला.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही मला वेडाच समजाल.

आमचं वर्कशॉप वडिलांनी काढलेलं. त्यांच्या काळापासून आमच्याकडे बोलायची एक पद्धत आहे. दोन पार्ट एकमेकांत बसवायचे म्हणजे त्यांचं लग्न लावायचं. आत जातो तो नर, त्याला घेते ती मादी. चावट काही नाही बरं का यात, कुठल्याही प्लंबरला विचारा. बसले की 'लग्न लागलं'. नाही बसले की 'मोडा लग्न'. ग्राइंडर चालू असताना लांबलचक वाक्यं कोण बोलणार?

"हुसेनभाई, भुसावळचं लग्न लागलं का?"

"लागलं नाना! पण दोन हातोड्या माराव्या लागल्या!"

हुसेनभाई म्हणजे आमचे मिस्त्री. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, इथे वधूवर सूचक मंडळ चालतं आणि तेही जरा दांडगाईनं चालतं. पण हे सगळं आमच्या चार भिंतींच्या आत होतं, तोवर कुणाचं काही वाकडं झालं नाही.

मग आमची मयूरी इंजिनिअर झाली आणि वर्कशॉपात येऊन बसली. आल्या आल्या तिने केबिनमधल्या कॉम्प्युटरवरचा धूळभरला टॉवेल उचलला आणि नाकाला ओढणी लावली. आमची सगळी ड्रॉइंगं एका पेनड्राइव्हमध्ये. पेनड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात. आणि शर्ट बायकोच्या ताब्यात. चोपड्याच्या पार्टीची अख्खी डाळमिल एकदा साबणाच्या पाण्यातून निघाली होती, पुन्हा काढायला हुसेनभाईंचा जीव गेला.

"बाबा, आता हे सगळं क्लाउडवर," मयूरी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे ड्रॉइंग आपल्या कॉम्प्युटरमध्ये ठेवायचंच नाही. इंटरनेटवर राहील. तुम्ही मेहरूणला घरी बसून बघा, हुसेनभाई मशीनपाशी उभं राहून बघतील, पार्टी तिच्या गावाहून बघेल. ड्रॉइंग एकच. कुणी एक रेघ हलवली तर सगळ्यांना दिसेल."

"आणि कुणी चोरलं तर?"

"बाबा, तुमची चाळणी कोण चोरणार?"

पण मी काही लगेच ऐकलं नाही. मी फुरंगटून बसलो. वडिलांनी खडूने फरशीवर ड्रॉइंग काढून मशिनं उभी केली आणि आम्ही आमचं ड्रॉइंग दुसऱ्याच्या घरी ठेवायचं? मग एके दिवशी तिने माझ्या मोबाइलवर आमचंच एक मशीन उघडलं आणि म्हणाली, बोट फिरवा. मी फिरवलं. अहो, मशीन फिरलं! वरून बघा, खालून बघा, पोटात शिरून बघा. ज्या मशीनखाली मी आयुष्यभर पाठीवर पडून शिरलो, ते माझ्या तळहातावर गिरक्या घेत होतं. मी तिथेच पाघळलो. हुसेनभाई मात्र शेवटपर्यंत मोबाइल उलटा धरून मशीनचं बूड बघायचे.

या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, तिनेच माझा घात केला. ड्रॉइंगवर पाहिजे तिथे बोट ठेवायचं आणि शेरा लिहायचा. लिहिला की त्या ड्रॉइंगमध्ये ज्यांना ज्यांना घेतलंय, त्या प्रत्येकाच्या मोबाइलवर टिंग! माझी बोटं ही अशी जाड, एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटतात. तर मयूरीने माइकचं चित्र दाखवलं. बोला, ते मराठीत लिहून घेतं.

मग काय विचारता! मी सुटलोच. दिसेल तिथे शेरा. 'हा बोल्ट कुणाच्या सल्ल्याने लावला?' टिंग. 'पत्रा जाड घ्या.' टिंग. 'हुसेनभाई, डबा खाल्ला का?' टिंग. तोही एका एलिव्हेटरच्या पायावर, लाल बाण काढून.

आता धुळ्याकडे वळू.

धुळ्यात देवपूरला आमचे आबा राहतात. तेव्हा ते माझे कोणी नव्हते, नुसती पार्टी. त्यांची डाळमिल आहे आणि त्यांना एलिव्हेटर पाहिजे होता. एलिव्हेटर म्हणजे लिफ्ट नव्हे. पट्ट्याला बांधलेल्या बादल्या डाळ खालून वर नेतात आणि तिथून ती पाइपाने दुसऱ्या मशीनमध्ये सोडतात. आबा ऑर्डर द्यायला आमच्या वर्कशॉपवर आले. मयूरीने भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर त्यांना मशीन फिरवून दाखवलं. आबा मशीनकडे कमी आणि मुलीकडे जास्त बघत होते. ऑर्डर देऊन गेले आणि आठवड्यातच मध्यस्थाकडून निरोप, मुलगी आमच्या चेतनसाठी विचारायची आहे.

चेतन देवपूरच्याच एका कॉलेजात प्रोफेसर. सालस, हळू बोलणारा, अंगाने एकदम सडपातळ. आणि आमची मयूरी, तुम्ही पाहिलंच आहे, खात्यापित्या घरची दिसते. दोघं भेटली, बोलली. मी विचारलं, काय मग? तर ती छताकडे बघून म्हणाली, बघा बाबा तुम्हाला योग्य वाटेल तसं. जी मुलगी मला माझ्या चाळणीवरून ऐकवते, ती असं म्हणाली म्हणजे जमलंच की!

मी म्हटलं, एकाच फेरीत बोलणी आणि मोजणी दोन्ही उरकू. धुळ्याला गेलो. आधी मिलमध्ये. आमच्या एलिव्हेटरचा पाइप आबांच्या जुन्या मशीनला जोडायचा होता. त्या मशीनला वर एक नळकांडं आलेलं, म्हणजे नर. आमच्या पाइपाचं तोंड त्याच्यावर चढणार, म्हणजे मादी. मी टेप काढली, माप घेतलं, मोबाइलवर फोटो काढला. मग घरी जाऊन पाहुणचार झोडला. पुढच्या आठवड्यात ते लोक जळगावला आले, सुपारी फुटली, तारीख धरली. आमच्या घरात आनंदीआनंद.

त्याच दिवशी मयूरीने आबांचा मोबाइल मागून घेतला आणि त्यात ते सॉफ्टवेअर टाकून दिलं. साडी नेसलेली, डोक्यावर पदर, आणि बोटं फटाफट चाललेली.

"आबा, धुळ्याचं जे काही ठरेल ना, ते आता यात येत जाईल. फोन करून विचारायचीसुद्धा गरज नाही."

"बठ्ठं यातच?" आबा खूश.

"सगळं यातच."

बोलली ती मशीनबद्दल. ड्रॉइंगचं नावच तिने 'धुळे' असं ठेवलं होतं. पण सुपारी नुकती फुटलेली, हातात पेढा, समोर होणारी सून! आबांनी काय समजावं? त्यांना वाटलं, हा सोयरिकीचाच काहीतरी ग्रुप. हॉल, वाजंत्री, मानपान, सगळं त्यावर येणार. आणि ड्रॉइंग त्यांनी कधी उघडून पाहिलंच नाही. नुसता टिंगची वाट बघत बसले.

आणि मी वाजवली ना टिंग!

त्या दिवशी मयूरी दीपनगरला गेली होती, मैत्रिणीच्या बाळाचं बारसं होतं. तिचा फोन पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीत, आणि बाहेर बायका पाळणा म्हणताहेत. चेतनची कॉलेजात परीक्षेची ड्यूटी, त्याचा फोन कपाटात बंद. म्हणजे ज्या दोघांना अक्कल होती ती दोघंही संपर्काबाहेर. राहिलो मी.

केबिनमध्ये बसून 'धुळे' उघडलं. आदल्या दिवशी मयूरीने माझ्या मापावरून आणि फोटोवरून आबांचं नळकांडं रेखाटून आमच्या पाइपाच्या तोंडात बसवून ठेवलं होतं. बघतो तर काय, नळकांडं केवढंसं, आमचं तोंड मोठं, मधून सगळीकडून उजेड दिसतोय. वर ते एका अंगाला कललेलं. माझं डोकंच फिरलं. आबांनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, आठ इंच आहे, सरळसोट आहे! फोटो मोठा करून पाहिला तर रंगाखालून गंजही डोकावत होता.

मी त्या जोडावर बोट ठेवलं, माइक दाबला आणि सुरू झालो. काय बोललो ते मला आता तोंडपाठ आहे, कारण नंतर ते मला आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मिळून शंभरदा ऐकवलंय.

'धुळ्याचं लग्न मोडा. नर फारच बारीक आहे. आपली मादी चांगली भरलेली, हे जुळणार नाही. धुळ्याची बाजूच वाकडी आहे. आबांनी सांगितलं एक आणि निघालं भलतंच. वरून रंग मारलाय, आतून गंज आहे. दुसरा नर लावू, आपल्याकडे तीन तयार आहेत.'

टिंग!

लगेच हुसेनभाईंचं उत्तर. 'मी बोललोच होतो नाना. जुना नर भंगारात द्यायला सांगू का?'

मी म्हटलं, 'सांगा. पण बारीक आहे, किलोवर काही फार येणार नाही.'

टिंग. टिंग.

चहा येतोय तोच आबांचा फोन. बाहेर ग्राइंडर खरखरत होता, मी एका कानात बोट घातलं.

"नाना, ते मोबाइलवर आलं ते तुम्हीच लिहिलं का?"

"मीच! म्हणजे मी बोललो, त्याने लिहिलं. लगेच आलं ना? बघा आबा, काय सोय आहे! पूर्वी असलं काही सांगायला माणूस पाठवावा लागायचा."

तिकडे चिडीचूप. मला वाटलं रेंज गेली.

"पण नाना, त्या दिवशी तर तुम्ही पसंत आहे म्हणाले."

"तेव्हा वरवर पाहिलं होतं हो. आता नीट जुळवून पाहिलं. मयूरीनेच जुळवलं काल."

"पत्रिका पाहायच्या नाहीत असं ठरलं होतं ना आपलं?"

आता इथे दोष त्या ग्राइंडरचा. मला ऐकू आलं 'पत्रा'.

"पत्र्यात काही खोट नाही आबा! पत्रा एक नंबर आहे. खोट सगळी नरात आहे."

मग आबा अगदी बारीक आवाजात, "आणि तारखेचं काय? आम्ही चार लोकांना सांगून बसलोय."

बघा, किती सज्जन माणूस, मी मनात म्हटलं. मशीन वेळेवर मिळेल की नाही याची काळजी आहे बिचाऱ्याला.

"तारीख तीच!" मी छाती पुढे काढून सांगितलं. "मी शब्दाचा पक्का माणूस आहे. ठरल्या तारखेला दुसरा नर लावून मोकळा होतो. तुम्ही काहीच करू नका. तुमचा तेवढा काढून बाजूला ठेवा."

"तारीख तीच... नि नर दुसरा?"

"हो! आणि खर्च सगळा आमचा."

आबा तसे धुळ्यात शहरी मराठी बोलतात. पण खूश झाले किंवा राग आला की त्यांची अहिराणी आपोआप बाहेर पडते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. ते म्हणाले, "थांबा नाना. मी आतेच निघस."

"या ना, या! तिन्ही काढून ठेवतो. तुम्हीच पसंत करा!"

फोन ठेवल्यावर मी हुसेनभाईंना काय म्हणालो असेन? म्हणालो, "याला म्हणतात कस्टमर सर्व्हिस."

मग आमची तयारी सुरू. तीन मापांची तीन नळकांडी गोदामातून काढली, रॉकेलने धुतली, पुसली, टेबलावर ओळीने मांडली. काही झालं तरी येणारा माणूस होणारा व्याही. म्हणून हुसेनभाईंनी आमच्या तीन वेल्डरना हातपाय, तोंड धुवायला लावलं, भांग पाडायला लावले आणि स्वागताला उभं केलं. कुठे? नेमकं त्या टेबलासमोर. ओळीने.

दुपारी गेटवर दोन गाड्या आल्या. आबा उतरले, त्यांचे दोन भाऊ उतरले, मध्यस्थ उतरले, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत अक्का उतरल्या. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. त्यांच्या पुढे आबाही घसा खाकरून बोलतात. माझा ऊर भरून आला. एक नळकांडं पसंत करायला अख्खं खानदान! म्हटलं, धुळ्याची माणसं कामाला किती चोख!

खुर्च्या दिल्या, कुणी बसेना. पाणी दिलं, कुणी घेईना. सोयरिकीत पाणी नाकारणं म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. मला काय वाटलं? वाटलं, वाटेत पारोळ्याला रस प्यायले असतील!

"चला," मी म्हटलं, "आधी नर बघून घ्या, मग निवांत बोलू."

आणि मी हात केला टेबलाकडे. म्हणजे मी टेबलाकडे केला. त्यांना दिसले टेबलासमोरचे तिघे, भांग पाडलेले, हात बांधून उभे.

"हे बघा तिन्ही. आत्ताच रॉकेलने धुतलेत. हा डावीकडचा जरा जाड आहे, पण आयुष्यभर हलणार नाही. मधला म्हणाल तर माझ्या पसंतीचा. आणि हा उजवीकडचा, खरं सांगतो, लपवत नाही, मालेगावच्या पार्टीने परत पाठवला होता. तोंडाजवळ थोडा चेपलेला आहे. पण ठोकून सरळ केलाय."

उजवीकडच्या वेल्डरची नेमकी त्या दिवशी दाढ सुजलेली! गालाला हात लावून तो माझ्याकडे बघायला लागला.

आबांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

"नाना! लाज नही वाटस तुम्हले? आम्हना पोऱ्या प्रोफेसर शे, नि तुम्ही त्याना जागावर ह्या तिन्ही दाखाडी ऱ्हायनात?"

मी गोंधळलो. मला वाटलं, 'प्रोफेसर' नावाची कुठली नवीन कंपनी आली की काय नळकांड्यांची.

"प्रोफेसर असू दे ना आबा. पण त्याचं तोंड किती इंच?"

दोन्ही भाऊ बाह्या सरसावून पुढे आले. मध्यस्थांनी डोळे मिटून घेतले. आणि त्या गडबडीत मधला वेल्डर, चांगला दोन पोरांचा बाप, काकुळतीला येऊन म्हणाला, "नाना, माझं लग्न झालंय हो!"

अजूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. काय म्हणावं या डोक्याला!

तेवढ्यात अक्का काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी त्या तिघांना काठीनेच बाजूला सारलं. टेबलापाशी गेल्या, मधलं नळकांडं उचललं, बोटाने वाजवून पाहिलं. टण्ण.

"याले नर म्हनतस का रे तुम्ही?" त्यांनी हुसेनभाईंना विचारलं.

"हो अक्का. दुसरं काय म्हणणार?"

अक्का वळल्या. "आबा," त्या म्हणाल्या, "हाऊ नवरदेव लोखंडना शे रे."

कुणीतरी ग्राइंडर बंद केला. मी आबांच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. त्यावर माझेच शब्द. धुळ्याचं लग्न मोडा. नर बारीक. बाजू वाकडी. वरून रंग, आतून गंज. किलोवर काही येणार नाही.

मी जवळच्या स्टुलावर बसलो, त्यावर ग्रीसचा डबा होता, तेही कळलं नाही. आता हसतोय मी, पण तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. छताकडे बघून 'तुम्हाला योग्य वाटेल तसं' म्हणणारी माझी पोर डोळ्यांपुढे आली. तिचं लग्न मी मोडलं होतं, आणि वर 'तारीख तीच' म्हणून दुसरा नवरदेव द्यायला निघालो होतो. सांगायला तोंड उघडलं तर तोंडातून एवढंच आलं, "आबा... मशीन... मशीनचं लग्न..."

त्याच वेळी गेटवर रिक्षा थांबली आणि मयूरी धावत आत आली. दीपनगरला पर्स उघडली तर आईचे आणि ड्यूटीवरून सुटलेल्या चेतनचे फोनवर फोन येऊन गेलेले. बारशाच्या घुगऱ्यांचे दाणे तिच्या मुठीत तसेच होते. तिने आबांचा मोबाइल पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. 

तिने टीव्हीवर 'धुळे' उघडलं. मशीन आलं, पाइप आला, जोड आला आणि त्या जोडावर लाल बाण काढून माझा शेरा. आबांनी चष्मा पुसून पाहिलं. मयूरीने नर म्हणजे काय, मादी म्हणजे काय, लग्न म्हणजे काय, सगळं समजावलं. होणाऱ्या सासऱ्याला हे समजावताना तिचे कान तापलेले मला दिसत होते.

आधी अक्का हसल्या. त्या हसल्यावर बाकीच्यांना परवानगी मिळाली. आबा तर खुर्चीवर बसून मांडीवर थापा मारायला लागले. सगळ्यांनी पाणी घेतलं. पाणी घेतल्याचं पाहून माझा जीव भांड्यात पडला.

पण गोष्ट इथे संपती तर मी निम्माच गाढव ठरलो असतो ना!

आबा हसता हसता थांबले. टीव्हीजवळ गेले. "पन नाना, आम्हनं नळकांडं एवढं बारीक नही शे. मी सांगेल व्हतं ना, आठ इंच?"

"आबा, मी स्वतः मोजलंय."

आबांनी मिलमध्ये फोन लावला, माणसाला वर चढवला, माप घ्यायला लावलं. फोन स्पीकरवर. बरोब्बर आठ इंच. आणि गुण्यात, म्हणजे काटकोनात, सरळसोट.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मयूरी हळूच म्हणाली, "बाबा, टेप दाखवा."

माझ्या टेपचं टोक तुटलेलं आहे. पहिला इंच नाहीच. म्हणून मी काय करतो, जे वाचीन त्यातून एक वजा करतो. तसं मी धुळ्याला बरोबर वजा केलं होतं. आणि जळगावला येऊन मयूरीला माप सांगताना सवयीने परत एकदा वजा केलं! आणि ते कललेलं दिसत होतं त्याचं काय? फोटो काढताना माझ्या एका हातात मिलमध्येच दिलेली जिलबीची बशी होती. मोबाइल तिरका, म्हणून धुळं वाकडं.

राहिला गंज. तो तेवढा खरा होता. पण त्या वेळी ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

लग्न झालं. ठरल्या तारखेला, ठरल्या नवरदेवाशी, थाटात झालं. चेतन फार गुणी मुलगा आहे, मला एक शब्द बोलला नाही. फक्त मांडवात माझ्या पाया पडताना कानात म्हणाला, "नाना, माप बघून घ्या एकदा." मी वाजंत्र्यांना काही सांगायला तोंड उघडलं की अक्का लांबून काठी वर करायच्या. "नाना, तुम्ही फक्त देखा!"

आणि आमच्या वर्कशॉपात? मयूरी आता देवपूरहून काम बघते. क्लाउडच ते, तिला जळगाव काय नि धुळे काय. जाण्याआधी तिने सॉफ्टवेअरमध्ये माझ्या नावापुढे काहीतरी बदलून ठेवलं. मला वाटलं, आता मालक म्हणून काहीतरी मोठं पद दिलं असेल.

परवा सहज 'धुळे' उघडलं. एलिव्हेटर कधीच चालू झालाय, पण ड्रॉइंग तसंच आहे, जोडही तसाच. त्यावर आबांनी त्यांच्या आयुष्यातला पहिला शेरा लिहून ठेवलाय. सगळ्यांच्या मोबाइलवर टिंग झालेला, हुसेनभाईंनी त्याला अंगठाही दाखवलेला.

'धुळ्याना नर चांगला शे. जळगावनी मादी बी चांगली शे. फक्त मादीना बाप वाकडा शे. ठोकीठाकी सरळ करी लेसूत. लगन लावा.'

मी म्हटलं, थांबा, देतोच उत्तर. माइकचं चित्र शोधलं, सापडेना. वर पाहिलं, खाली पाहिलं. मग माझ्या नावापुढे लिहिलेलं दिसलं.

'फक्त बघू शकतात.'